क्षमता आकार : एका न वाचलेल्या संहितेविषयी

कोकण आणि मराठी कादंबरी असा विषय असलेल्या एका चर्चासत्रात अलीकडे एक जुनी तक्रार पुन्हा ऐकायला मिळाली. एन्रॉनसारखे महानाट्य आपल्या दारात घडले आणि मराठी लेखकाला त्याची कादंबरी करता आली नाही, असे वक्ते म्हणाले. सभागृहात माना डोलल्या. माझीही डोलली. संध्याकाळी परतीच्या लोकलमधून केळवे रोडला उतरलो तेव्हा मात्र त्या डोललेल्या मानेचा राग येऊ लागला होता. हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्या तक्रारीत एक सोयीस्कर गृहीतक दडलेले आहे. एन्रॉन ही घटना होती, तीत खलनायक होते, पीडित होते, समुद्र होता. उणीव होती ती एका प्रतिभावंताची. मला हे मुळातच मान्य नाही. एन्रॉन ही आधी एक संहिता होती. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात झालेला वीजखरेदी करार हे या राज्याच्या आधुनिक इतिहासातले सर्वांत परिणामकारक गद्य आहे, असे मी गांभीर्याने म्हणतो. कोणत्याही कादंबरीने इतक्या माणसांच्या आयुष्यात इतका हस्तक्षेप केलेला नाही. आणि संहिता वाचणे हाच ज्यांचा पेशा, त्या आपण मराठीच्या अध्यापकांनी ती वाचली नाही. कादंबरीची वाट पाहत बसलो.

वाचली नाही याला एक सबळ कारण होते, ते नाकारत नाही. करार गुप्त होता. ज्या जनतेच्या वीजबिलातून त्याचे पैसे जायचे, तिलाच तो पाहण्याची मुभा नव्हती. पण ज्यांना खरोखर वाचायचा होता त्यांनी तो मिळवला, ताडून पाहिला, त्यातल्या आकड्यांची फोड केली. पुण्याच्या 'प्रयास'मधील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्येच त्याचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. अभय मेहता यांनी 'पॉवर प्ले' हे पुस्तक लिहिले. पुढे २००१मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या साऱ्या व्यवहाराची चिरफाड केली. हे लोक अभियंते, कार्यकर्ते आणि सनदी अधिकारी होते. साहित्याच्या प्रांतात ज्याला सूक्ष्म वाचन म्हणतात ते त्यांनी केले, आणि बहुतांश इंग्रजीत केले. मराठीत चळवळीच्या पुस्तिका निघाल्या, त्या एस.टी. स्टँडवर आणि सभांमध्ये वाटल्या गेल्या. आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांच्या संपादकीय टेबलापर्यंत त्या पोचल्या असतील तर त्यांचा तिथे काही उपयोग झालेला दिसत नाही.

आधी कथानक थोडक्यात, कारण आजच्या विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतरचा आहे. जून १९९२मध्ये एन्रॉनचे लोक भारतात आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जून रोजी, सामंजस्य करार झाला. निविदा नाही, स्पर्धा नाही. जागा ठरली गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर. (दाभोळ हे बंदर खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्पाचे नावच पलीकडच्या तीरावरून उचललेले, ही बाबही कोणा समीक्षकाच्या नजरेस पडायला हरकत नव्हती.) कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. आधी नाफ्था, नंतर परदेशातून जहाजाने आणलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, असे इंधन. एप्रिल १९९३मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला अर्थसाहाय्य नाकारले. ही महाग वीज घेतली तर स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल, असे तिचे म्हणणे होते. १९९५मध्ये सत्तांतर झाले. एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करून आलेल्या युती सरकारने ३ ऑगस्टला करार रद्द केला, फसवणुकीचा आरोप करीत न्यायालयात धाव घेतली आणि काही महिन्यांतच वाटाघाटींना बसून २०१५ मेगावॅटचा प्रकल्प २१८४ मेगावॅटचा करून घेतला. केंद्राच्या प्रतिहमीवर मे १९९६मध्ये तेरा दिवसांच्या सरकारने अखेरच्या दिवशी शिक्कामोर्तब केले. मे १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाचे पैसे संपले. मे २००१च्या अखेरीस वीज घेणे थांबले, प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले.

आता संहितेकडे येऊ. कराराचा गाभा एका कल्पनेत होता : मंडळ वीज विकत घेणार नव्हते, मंडळ क्षमता भाड्याने घेणार होते. संयंत्र ९० टक्के वेळ वीज देण्यास सज्ज असेल, तर वीज घेतली काय अन् न घेतली काय, क्षमतेचे भाडे पूर्ण भरायचे. इंधनाचा खर्च वेगळा. तो जसा असेल तसा मंडळाच्या माथी. भाड्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. वाद झालाच तर लवाद लंडनमध्ये.

हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या केळव्या-माहिमाकडच्या पानवेलीच्या कोणत्याही बागायतदाराला ते दोन मिनिटांत समजते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. समजा, वाडीसाठी तुम्ही महिना तीन हजार रुपये भाड्याने पंप आणला. डिझेल तुमचे. महिन्यात तीस तास चालवला तर डिझेल सोडून तासाला शंभर रुपये पडले. तीनच तास चालवला तर तासाला हजार. पावसाळ्यात तो ताडपत्रीखाली पडून राहिला तरी तीन हजार द्यायचेच. आणि मालक म्हणतो, माझे भाडे डॉलरमध्ये मोज. तर १९९३ साली डॉलरला ३१ रुपयांच्या आसपास पडणारा हिशेब २००१मध्ये ४६-४७ रुपयांनी करावा लागला. वर वीस वर्षे पंप परत करायचा नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बागायतदाराने हे सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सह्या करनारा वाडीवाला होता का?" दाभोळच्या विजेचा युनिटमागे सात रुपये ऐंशी पैसे हा आकडा २०००-०१च्या सुमारास वर्तमानपत्रांतून गाजला, तेव्हा लोक त्याला लूट म्हणाले. लूट असेलही, पण ती कराराबाहेर जाऊन केलेली नव्हती. मंडळ जितकी कमी वीज घेई तितके उरलेल्या प्रत्येक युनिटवर भाड्याचे ओझे वाढे, शिवाय नाफ्था महागला होता. जे लिहिले होते तेच घडले.

इथे साहित्याच्या माणसाने थांबायला हवे होते. कारण संहितेतला कर्ता कोण, क्रियापद कोणाचे, जोखीम कोणत्या विभक्तीत आहे, हे प्रश्न आपल्याच शास्त्रातले आहेत. इंधन महागले तर कोणी सोसायचे? मंडळाने. रुपया घसरला तर? मंडळाने. मागणी कमी झाली तर? मंडळाने. मंडळ बुडाले तर? राज्याने. राज्य बुडाले तर? केंद्राने. खासगी उद्योजक नफा मिळवतो तो जोखीम पत्करतो म्हणून, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. या गद्यात मात्र 'खासगी' हे विशेषण फक्त नफ्याला लागले होते.

आणखी एक शब्द. १९९५मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देताना एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी सांगितले की, भारतातील संबंधितांचे शिक्षण आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवरच कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हे शिक्षण म्हणजे लाच, असा आरोप तेव्हा झाला. कंपनीने तो फेटाळला. त्या वादात मला आता पडायचे नाही. मला अस्वस्थ करतो तो शब्द. आम्ही शिक्षक. कोणी आमच्या राज्यकर्त्यांना दोन कोटी डॉलर खर्चून शिकवून जातो, आणि त्या शिकवणीत काय वाचायला दिले, काय गाळले, याची चौकशी करण्याची इच्छा एकाही मराठी विभागाला होत नाही!

त्याऐवजी आपण काय केले? घोषणा दिल्या. मीही दिल्या; 'एन्रॉन चले जाव' म्हणत एका मोर्चात चाललो. त्याची लाज नाही. वेलदूरच्या ज्या कोळी बायांना ३ जून १९९७च्या पहाटे पोलिसांनी घरांतून ओढून काढले, मारहाण करून नेले, त्यांच्या बाजूने उभे राहणे हे कर्तव्यच होते. मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांना झालेल्या अटका, लादलेले जमावबंदीचे आदेश, प्रकल्पावर तैनात पोलिसांच्या खर्चापोटी कंपनीने मोजलेले पैसे, या सर्वांची नोंद ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९च्या अहवालात केली. (तीही इंग्रजीत. असो.) माझी तक्रार घोषणेबद्दल नाही, घोषणेवर थांबण्याबद्दल आहे. 'परकी कंपनी' हे शब्द आपल्याला फार आवडले. ईस्ट इंडिया कंपनीची तयार प्रतिमा हाताशी होती, ती चिकटवली की विचाराचे काम संपत असे. कंपनी गेली की प्रश्न संपला, असे मग साहजिकच वाटले.

प्रश्न संपला नाही, हे पुढल्या इतिहासाने दाखवले आणि तो इतिहास आपण मुळीच वाचला नाही. २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली, एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांची. म्हणजे परकेपणा गेला, खासगीपणाही गेला. संयंत्र २००६मध्ये पुन्हा सुरू झाले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला देशी वायू आटला, तसे इंधन पुरेना. तेव्हा कंपनीने सांगितले, आयात वायूवर आम्ही वीज द्यायला सज्ज आहोत. महावितरणने सांगितले, तो महाग वायू आम्हाला मंजूर नाही, वीज घेणार नाही आणि भाडेही देणार नाही. वाद केंद्रीय वीज नियामक आयोगाकडून अपिलीय न्यायाधिकरणाकडे, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी महावितरणचे अपील फेटाळले गेले : सज्जता जाहीर केली असेल तर क्षमतेचे शुल्क देय आहे. न्यायालयाने करार वाचला आणि जे लिहिले होते ते सांगितले. एन्रॉन बुडून बावीस वर्षे होत आली होती. एका मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मी ती बातमी चार-पाच ओळींत वाचली. खलनायक नसल्याने बहुधा ती पहिल्या पानावर येऊ शकली नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. पाकिस्तानात भाडोत्री वीजप्रकल्पांचे करार इतके बेबंद झाले की ३० मार्च २०१२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते सारे मुळापासून अवैध ठरवले. त्यातल्या एका तुर्की कंपनीने, जिची वीज बंदरात उभ्या केलेल्या जहाजांवर तयार व्हायची, आंतरराष्ट्रीय लवादात पाकिस्तानलाच कोंडीत पकडले. बांगलादेशात २०१०मध्ये कायदाच असा केला की झटपट भाड्याच्या वीजप्रकल्पांविषयी न्यायालयात प्रश्न विचारता येऊ नये. तो २०२४मध्ये रद्द झाला. पण तिथे एक गोष्ट घडली जिचा मला हेवा वाटतो. 'कुइक रेंटल' आणि 'कॅपॅसिटी चार्ज' हे शब्द बंगाली वर्तमानपत्रांच्या रोजच्या भाषेत आले, चहाच्या टपरीवरच्या भांडणात आले. शब्द ज्याच्या तोंडी येतो त्याला निदान भांडता येते.

मराठीत तो शब्द आलेला आहे, पण बिलाच्या कागदावर, आणि तिथे तो झोपला आहे. महावितरणचे बिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. पडून असलेल्या संयंत्रांच्या भाड्याचा काही भाग स्थिर आकाराच्या रकान्यातून तुमच्याकडून वसूल होतो; इंधन महागले की समायोजन आकार फुगतो. 'आकार' या शब्दाची गंमत पाहा : आकारणी, शेतसाऱ्याचा आकार, ही जुनी महसुली परंपरा एकीकडे, आणि दुसरीकडे आमच्या समीक्षेतला आशय-आकाराचा जप. पन्नास वर्षे आपण आकृतिबंधावर चर्चासत्रे घेतली, आणि दरमहा घरात येणाऱ्या या आकारांकडे ढुंकून पाहिले नाही. 'समायोजन' हा शब्द तर एखाद्या कवितेत आला असता तर त्यावर प्रबंध झाले असते. कोण कोणाशी जुळवून घेत आहे? वाक्यात कर्ता नाही.

याला एक उत्तर ठरलेले असते आणि ते मला त्याच चर्चासत्राच्या जेवणात मिळाले : हे विषय तज्ज्ञांचे, साहित्याने वेदनेशी इमान राखावे. वेदना! २००५ ते २००७ या वर्षांत या राज्यात भारनियमनाने कहर केला. आमच्याकडे रात्री दोन-अडीचला वीज येई, आणि वाड्यांना शिंपणे करायला माणसे कंदील घेऊन उठत. त्या काळात एका सहकाऱ्याने मला ऐकवले होते, "तुम्ही लोकांनी एन्रॉनला विरोध केला नसता तर हे भोगावे लागले नसते." मला तेव्हा उत्तर देता आले नाही, कारण मीही करार वाचलेला नव्हता. संयंत्र वेलदूरच्या बायांनी बंद पाडले नव्हते. ते आंदोलन चालू असताना बांधले गेले, सुरूही झाले. बंद पडले ते मंडळाला त्याचे भाडे परवडेना म्हणून. राज्य अंधारात होते आणि सड्यावर एवढे मोठे संयंत्र पडून होते, या दोन्ही गोष्टींचा उगम एकाच कागदात होता. वेदनेशी इमान राखायचे तर तिचे कारण वाचता यायला हवे. नाहीतर अंधारात बसून अंधारावर कविता होतात, आणि त्या आमच्याकडे पुष्कळ झाल्या.

शिवाय हा भूभाग तरी अशा संहितांना नवा नाही. केळव्याच्या उत्तरेला तारापूर आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या. बांधणारी जनरल इलेक्ट्रिक, आणि तिच्यासोबत बेक्टेल. पुढे दाभोळमध्ये दहा-दहा टक्क्यांना येऊन बसल्या त्याच या दोघी. तारापूरचे समृद्ध युरेनियम १९६३च्या करारानुसार अमेरिकेतून यायचे. १९७४मध्ये पोखरणला चाचणी झाली आणि त्या करारातल्या शब्दांचा अर्थ काय यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षे वाद चालला. १९८२मध्ये फ्रान्सकडून इंधनाची सोय झाली तेव्हा कुठे मार्ग निघाला. पुढच्या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. परके इंधन, परक्या भाषेतला करार, आपली जमीन : दाभोळचा सारांश आमच्या जिल्ह्यात तीस वर्षे आधी लिहून ठेवलेला होता. दाभोळला तो कोणी वाचून दाखवला नाही, कारण आम्हीच वाचलेला नव्हता.

आणि आता वाढवण. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६ हजार २२० कोटी रुपये. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. बंदर व्हावे की न व्हावे, यावर माझे मत आहे आणि ते आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. इथे मुद्दा तो नाही. पर्यावरणीय आघाताविषयीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. म्हणजे कोळ्याला, बागायतदाराला, वारल्याला कायद्याने जे मिळते ते दुसऱ्याने काढलेले सार. सारांश हा किती बेभरवशाचा प्रकार आहे हे आपल्याइतके कोणाला माहीत? परीक्षेच्या बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांवर आपण आयुष्यभर नाक मुरडतो. २०२०मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तेव्हा तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत उपलब्ध करा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि केंद्र सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अभिजात भाषेच्या दर्जासाठी ठराव करणाऱ्या आमच्या किती साहित्यसंस्थांनी त्या खटल्याविषयी एखादे पत्रक काढले?

मला विचारले जाईल, मग मराठीच्या प्राध्यापकाने वीजखरेदी करार शिकवायचा का? होय, शिकवायचा. व्यावहारिक मराठी नावाचा एक पेपर आपण कितीतरी वर्षे चालवतो आहोत. त्यात रजेचा अर्ज, सभेचे इतिवृत्त आणि जाहिरातीचा मसुदा शिकवतो. वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश आज संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. दाभोळच्या वेळी जी गुप्तता होती ती सबब आता उरलेली नाही. ते आदेश शेकडो पानी आहेत, किचकट आहेत, कंटाळवाणे आहेत. महानुभावांची सांकेतिक लिपी तरी कुठे सोपी होती? ती आपण फोडली, कारण ती फोडण्याजोगी वाटली.

गेल्या सत्रात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला घरचे वीजबिल आणायला सांगितले. चाळीसपैकी अकरा जणांनी आणले. तिघांच्या घरी बिल घराच्या नावावर नव्हते, एकीच्या पाड्यावर मीटर लागून वर्षच झाले होते. 'वहन आकार' म्हणजे काय, या पहिल्याच ओळीला तास संपला. पुढच्या आठवड्यात 'स्थिर' या विशेषणापासून सुरुवात करायची ठरले आहे. ज्यांनी बिल आणले नाही त्यांनी शेजाऱ्याचे आणावे.